इथून सहा किलोमीटर

उज्ज्वला ढेबेने आजवर शेकड्याने मोहोळं पकडली होती, पण स्वतःच्या घरात माशी आली म्हणून ती कधी घाबरली नव्हती. त्या दिवशी घाबरली, आणि तीही एका माशीला.

वैशाखातली सकाळ होती. फणसदरा ही पाच घरांची वाडी. त्यातल्या शेवटच्या घरात बारशाची गडबड चालली होती. उज्ज्वलाची लेक ईश्वरी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली होती आणि तिला उद्या पाळण्यात घालायचं होतं. साताऱ्याहून जावई आणि त्याच्या घरची माणसं यायची होती. आतल्या खोलीत भागाकाकू शेगडी फुंकत बसल्या होत्या. भागाकाकू म्हणजे वाडीतल्या तीन पिढ्यांची डोकी ज्यांच्या हाताखालून गेली ते माणूस. बाळाला न्हाऊ घालावं ते त्यांनीच, आणि घालताना सगळ्यांची उणीदुणी काढावीत तीही त्यांनीच.

"उज्ज्वले, वेखंड कुठं ठिवलंस गं? ह्या घरात एक वस्तू जागंवर घावंल तर शपथ."

"फडताळात बघा काकू," असं म्हणत उज्ज्वला मागच्या पडवीत आली, आणि तिथे तिला ती दिसली.

बोटाच्या पेराएवढी, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची आग्या माशी. ती वळचणीच्या वाशावर उतरली, थोडं चालली, उडाली, दहा हात लांब जाऊन हवेत तरंगत घराकडे तोंड करून राहिली आणि पुन्हा येऊन दुसऱ्या वाशावर बसली. फुलावर आलेली माशी पोटासाठी आलेली असते, ती असला उद्योग करत नाही. मुलगी बघायला आलेली माणसं चहा घेता घेता भिंती-छपरावरून नजर फिरवतात ना, तसं ही घर बघत होती.

उज्ज्वलाने फणसाकडे पाहिलं. तिथल्या जाड फांदीखाली अशाच आणखी आठ-दहा जणी येरझाऱ्या घालत होत्या.

या टेहळणी माश्या. मोहोळ उठण्याआधी नवी जागा बघायला पुढे येतात. पेटीत पाळतात ती सातेरी माशी असती तर उज्ज्वलाने हसत हसत पेटी मांडली असती. पण आग्या पेटीत राहत नाही. ती उघड्यावर पोळं बांधते आणि चिडली तर बैल आडवा करते. शिवाय या अंगाला आग्याची मोहोळं कुठे नव्हतीच. होती ती थेट घोणसकड्यावर, डोंगरापलीकडे. चाळीस मोहोळं. आणि ती तिथे आपण होऊन गेली नव्हती, त्यांना उज्ज्वलाने पाठवलं होतं.

इथे माश्यांचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मोहोळ उठतं तेव्हा राणी हुकूम सोडत नाही. राणी बिचारी अंडी घालण्यापलीकडे कशात नसते. टेहळणी माश्या चारी दिशांना जातात, जागा बघून येतात आणि पडद्यासारख्या लोंबणाऱ्या आपल्या गोतावळ्याच्या अंगावर नाचून दाखवतात. नाच म्हणजे काय, तर पोट थरथरवत सरळ चालायचं. वरच्या दिशेने चालली तर 'सूर्याकडे जा'. डावीकडे तिरकी चालली तर 'सूर्याच्या तेवढंच डावीकडे जा'. थरथर जितकी लांबते तितकं अंतर जास्त. एक जण एक जागा सांगते, दुसरी दुसरी. ज्या जागेच्या बाजूने नाचणाऱ्या वाढत जातात ती जागा ठरते आणि मग सगळं मोहोळ एका दमात निघतं. निवडणूकच म्हणायची, फक्त जेवणावळी आणि पाकिटं नसलेली.

डॉक्टर फरीदा मुजावर यांनी या निवडणुकीत आपले मतदार घुसवले. मुजावर मॅडम पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आयुष्यभर माश्यांचे नाच बघत आलेल्या. त्यांनी माशीएवढी यंत्रं केली, त्यांना मेणाचा वास दिला, आणि माश्यांच्या अंगाची जी ऊब असते तिच्यावरच ती चालतील अशी सोय केली. लोकांनी त्यांना नाव दिलं नाचऱ्या. मोहोळ उठायच्या तयारीला लागलं की नाचऱ्या जाग्या होतात आणि माणसाने रिमोटमध्ये घातलेली दिशा नाचून दाखवतात. एखादी खरी माशी वेगळी जागा सांगू लागली तर तिला डोक्याने ढुशी देऊन गप्प करतात. खऱ्या माश्याही विरोधकांना अशाच ढुशा देतात. फरक एवढाच, की खऱ्या माश्या दमतात आणि नाचऱ्या दमत नाहीत.

दोनेक महिन्यांपूर्वी शिरवली धरणाच्या भिंतीवर चाळीस आग्यामोहोळं लागली. धरण बघायला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा त्यात जीव गेला. पूर्वी अशा वेळी मशाली लावून माश्या जाळत. या वेळी मुजावर मॅडमनी उज्ज्वलाला बोलावलं, कारण दोरावर लोंबकळून माश्यांत हात घालणारी बाई पंचक्रोशीत तीच होती. एकेका मोहोळात पाच-पाच नाचऱ्या सोडल्या, दिशा दिली, अंतर दिलं सहा किलोमीटर, आणि चाळीसच्या चाळीस मोहोळं घोणसकड्यावर जाऊन बसली. एक माशी मेली नाही. उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

काम झालं की त्याच दिवशी कड्यावरून उतरायचं, लोहचुंबकाची काठी मोहोळात घालायची आणि नाचऱ्या काढून घ्यायच्या, असा नियम होता. आणि इथेच माशी शिंकली.

फणसदऱ्यात नव्या जागी बसलेल्या मोहोळाला बाळंतीण म्हणतात. सव्वा महिना तिला हात लावायचा नाही, धूर द्यायचा नाही, तिच्यापाशी मोठ्याने बोलायचं नाही. उज्ज्वलाच्या सासऱ्यांनी हे पाळलं, नवऱ्याने मरेपर्यंत पाळलं, आणि तीही पाळत आली. मॅडमनी फोनवर विचारलं, "काढल्यात ना, उज्ज्वलाताई?" तेव्हा ती म्हणाली, "काढते की मॅडम." खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. सव्वा महिना झाला की ती जाणारच होती. पण नेमक्या त्याच दिवशी ईश्वरीला कळा सुरू झाल्या. घरात एक बाळंतीण, कड्यावर चाळीस. उज्ज्वलाने घरातली निवडली, आणि कोणत्याही आईने तेच केलं असतं.

आता पडवीत उभं राहून तिने रिमोटवरचा नकाशा उघडला. धरणावर बोट ठेवलं, तिथून कड्यापर्यंत रेघ ओढली. मग तीच रेघ, तेवढीच, पुढे ओढली.

रेघ फणसदऱ्यावर येऊन थांबली.

नाचात गावाचं नाव नसतं. नाचात फक्त 'इथून' असतं. 'इथून या बाजूला सहा किलोमीटर.' धरणावर तो नाच कड्याची वाट सांगत होता. तोच नाच कड्यावर नाचला तर तो तिच्या घराची वाट सांगत होता. गाडीरस्त्याने धरण इतकं वळणावळणाचं आणि लांब, की ते, कडा आणि आपलं घर एका रेषेत आहेत हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने खांब धरला आणि मॅडमना फोन लावला.

"किती मोहोळांत राहिल्यात?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्या."

मॅडम रागावल्या नाहीत, आणि त्याने उज्ज्वला जास्त घाबरली.

"नीट ऐका. कड्यावरचा फुलोरा संपलाय, म्हणून त्या उठतायत. वाटेतलं मोहोळ सहसा डसत नाही, त्याला राखायला पिल्लं नसतात. फक्त चिथवू नका. धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. त्या बसल्या की दहा पावलांच्या आत रिमोट चालेल. घरात कोण आहे?"

"लेक. आणि तिची बारा दिवसांची पोर."

तेवढ्यात डोंगराच्या बाजूने आवाज आला. लांबून ट्रक चढावर यावा तसा, पण आभाळातून.

उज्ज्वला आत धावली. "काकू, शेगडी विझवा."

"बाळंतिणीची शेगडी मधीच विझवत्यात व्हय? पोरीला शेक..."

"काकू, आग्या येतीय."

भागाकाकूंचा हात तसाच राहिला. उज्ज्वलाने कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलला आणि खाली ठेवला. निखाऱ्यावर पाणी ओतलं तर धूर दुप्पट. तिने चुलीतली राख दोन्ही हातांनी ओढून शेगडीत लोटली, वरून परात पालथी घातली, दारं लावली, खिडक्या ओढल्या, फटींत ईश्वरीची लुगडी कोंबली. खोलीत ओव्याचा उग्र वास भरून राहिला होता, तो तरी बाहेर जाऊ नये म्हणून ती मनातल्या मनात धावा करत होती.

मग उजेड कमी झाला. भर सकाळी खोली तिन्हीसांजेसारखी झाली. कौलांवर, भिंतींवर, खिडकीच्या फळ्यांवर बारीक बारीक टकटक सुरू झाली, आणि तो आवाज, तो घराच्या आत आल्यासारखा छातीत घुमायला लागला. ईश्वरीने बाळाला पदराखाली घेतलं.

तासाभराने आवाज खाली बसला. उज्ज्वलाने फटीतून पाहिलं. वळचणीला एकापुढे एक काळे पडदे लोंबत होते. पुढच्या दारावर, मागच्या दारावर. फणसाची फांदी तर दिसतच नव्हती. वाडीतली बाकीची माणसं खालच्या वाटेने केव्हाच निघून गेली होती आणि ते बरंच झालं होतं.

"आई," ईश्वरी हळू आवाजात म्हणाली, "ह्या तुझ्याच ना?"

उज्ज्वलाने मान डोलावली.

"मग पाठव त्यांना परत. तुझ्या हातात आहे ना ते? उलटी दिशा दे आणि पाठव."

उज्ज्वलाने पुन्हा मॅडमना फोन लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा बाजेवर ठेवला.

"पाठवता येईल," मॅडम म्हणाल्या. "पण तिकडे खायला काही उरलेलं नाही. उपाशी निघालेल्या माश्या परत गेल्या तर कड्यावर लटकून मरतील. ज्या वाचतील त्यांच्यात नाचऱ्या असतीलच. त्या उलटीच दिशा नाचणार, म्हणजे मोहोळं कड्यावरून पुन्हा धरणावर. आता सुट्ट्या आहेत, धरणावर पोराबाळांची गर्दी असते."

"मग दुसरीकडे?"

"दुसरीकडे म्हणजे कुठे, उज्ज्वलाताई? नकाशा तुमच्याजवळ आहे. जिथे कुणीच नाही अशी जागा मला सांगा."

उज्ज्वलाने नकाशावर बोट फिरवलं. जिकडे जावं तिकडे एक ठिपका होता आणि ठिपक्याला नाव होतं.

"तिसरा रस्ता आहे," मॅडम म्हणाल्या. "नाचऱ्या बंद करून काढून घ्या. मग माश्या आपलं आपण ठरवतील. हजारो वर्षं ठरवत आल्यात. दोन-तीन दिवस लागतील."

"दोन-तीन दिवस?" ईश्वरीचा आवाज चढला आणि बाहेरचा पडदा खसखसला. तिने तोंडावर हात धरला. मग दबक्या आवाजात ती आईला म्हणाली, "तुला त्यांची काळजी आहे. हिची नाही."

हे उज्ज्वलाच्या जिव्हारी लागलं. लेकीला रात्री चोरून बाहेर काढावं हाही विचार तिने करून पाहिला होता. पण पौर्णिमा जवळ होती, आणि चांदण्यात आग्या झोपत नाही. जाळीचा पोशाख एकच होता आणि त्यात तान्हं मूल मावत नव्हतं. ती उठली. डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा तिने रिकामा केला, जाळी चढवली, चुंबकाची काठी घेतली आणि मोरीच्या खिडकीतून अंग चोरून बाहेर पडली.

बाहेर ऊन होतं आणि वारा पडलेला. ती पहिल्या पडद्यासमोर उभी राहिली. मोजता येणार नाहीत इतक्या माश्या एकमेकींचे पाय धरून लोंबत होत्या. रिमोटचं बटण दाबून तिने आतल्या नाचऱ्या बंद केल्या. मग काठी पुढे केली आणि तिचा हात थांबला. मोहोळ आत्ताच बसलं होतं. जन्मभर जे केलं नाही ते आज करायचं होतं.

"माफ कर बाई," ती पुटपुटली आणि काठी आत घातली.

पडद्यावरून वरून खाली एक लाट गेली. हजारो पोटं एकदम वर उचलली गेली आणि खाली आली. आग्याची ही ताकीद असते. उज्ज्वला श्वास धरून उभी राहिली. काठीला टक्‌ टक्‌ असं काही चिकटल्याचं तिला बोटांत कळलं. तेवढ्यात मनगटावर, हातमोजा संपतो तिथे, आग पेटली. आग्याच्या डंखातून एक वास सुटतो, आणि तो वास म्हणजे दुसरीला आवतण. तिने झटका दिला नाही, हात ओढला नाही. दुसऱ्या हाताने जमिनीवरची माती उचलून डंखावर चोळली आणि वास मरेपर्यंत तशीच उभी राहिली. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. पुन्हा लाट गेली. ईश्वरीने बाळाला घेतलं असावं, रडणं थांबलं.

अशी चाळीस मोहोळं. ऊन कलेपर्यंत डबा भरला. चार डंख झाले होते, एक डोळा बंद झाला होता. मोरीच्या खिडकीतून ती आत पडली तेव्हा भागाकाकूंनी तिच्या मनगटाला चुना लावला आणि म्हणाल्या, "सुनंनं सासऱ्याचं नाव राखलं म्हणत हुते, आज त्या बिचाऱ्यानं वरनं डोळं झाकून घेतलं आसतील." हे बोलताना त्या रडत होत्या.

मग वाट बघणं सुरू झालं.

उज्ज्वलाने आयुष्यात बरंच काही सोसलं होतं, पण ते दिवस तिला कुणी पुन्हा काढायला सांगितले असते तर तिने नाही म्हटलं असतं. बारसं झालं नाही. जावयाला ईश्वरीने फोनवर कुजबुजत सांगितलं की येऊ नका, आणि का ते सांगताना तिला हुंदका आवरेना. खोलीत उकाडा इतका, की बाळाच्या अंगावर घामोळं उठलं. शेक नाही, धुरी नाही, न्हाणं नाही. बाळ रडायला लागलं की तिघी एकदम उठत. एक जण पाठीवर थापटे, दुसरी वारा घाली, आणि तिसरी फटीला डोळा लावून पडद्यावरची लाट बघत राही. ईश्वरी आईशी बोलत नव्हती. आणि बाहेर माश्या ठरवत नव्हत्या.

हेच उज्ज्वलाला कळेना. पहिल्या दिवशी तिला वाटलं, दमल्या असतील. दुसऱ्या दिवशी टेहळण्या उडाल्या, आल्या, पण आल्यावर नुसत्या इकडून तिकडे फिरत राहिल्या. कुणी दोन पावलं नाचायची आणि थांबायची. शाळेत मास्तर आले नाहीत तर पहिल्या तासाला वर्गात जो गोंधळ असतो तसा सगळा प्रकार. त्यांचा मध संपत आला होता. भुकेलं मोहोळ चिडकं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी दारासमोरून वाडीतला कुत्रा मोत्या गेला. त्याचं केकाटणं तिने ऐकलं आणि मग ते बंद झालेलंही ऐकलं. ते ईश्वरीनेही ऐकलं.

तिसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा फणसावरच्या मोहोळात तिला नाच दिसला.

स्वच्छ, सरळ, ठाम नाच. "ठरवतायत," ती म्हणाली. "ईशे, त्या ठरवतायत." ईश्वरी पहिल्यांदा उठून तिच्याजवळ आली आणि फटीतून पाहू लागली. नाचणारी एक होती, मग चार झाल्या, मग वळचणीच्या मोहोळावरही सुरू झालं. उज्ज्वलाने रिमोटचा कॅमेरा फटीला लावला. रिमोटला नाच वाचता येत होता. पडद्यावर आकडे आले.

दिशा तीच. अंतर सहा किलोमीटर.

एखादी नाचरी राहिली, असं म्हणून तिने जाळी चढवली आणि खिडकीतून बाहेर पडली. फणसाला शिडी लावून ती चढली आणि नाचणाऱ्या माशीजवळ काठी नेली. माशी काठीला चिकटली नाही. पंखांची टोकं झिजलेली, पायांवर पराग, पोट खालीवर होतंय. खरी माशी होती. ती काठीवरून चालत पलीकडे गेली आणि पुन्हा नाचायला लागली. तिच्यामागे सात-आठ कोवळ्या माश्या तोंड लावून चालत होत्या आणि तिची पावलं गिरवत होत्या.

शिडीवरूनच तिने फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"माशी नाच घेऊन जन्माला येते," त्या सावकाश म्हणाल्या, "पण नीट नाचायला ती मोठ्यांच्या मागे चालून शिकते. कड्यावर या जन्मल्या तेव्हा त्यांच्यापुढे कोण नाचत होतं? मोहोळ उठायच्या आधी आठवडाभर नाचऱ्या जाग्या असणार. जुन्या, वाट माहीत असलेल्या माश्यांना त्यांनी गप्प केलं. या पोरींना तेवढा एकच नाच येतो, उज्ज्वलाताई. आपण तो त्यांना पाठ करून दिलाय."

"म्हणजे पुढे..."

"पुढे जातील, बसतील, पोरींच्या पोरी होतील, त्या हेच शिकतील. मग आणखी सहा किलोमीटर." मग मॅडम म्हणाल्या, "मला हे आधी सुचायला हवं होतं."

काठीखालचा पडदा गरम होऊ लागला होता. जाळीतून तिच्या गालाला ती धग लागत होती. मोहोळ उडायच्या आधी असंच तापतं. गुणगुण वाढत चालली. उज्ज्वला शिडीवरून उतरली, खिडकीतून आत आली आणि नकाशा उघडून रेघ पुढे ओढली. रेघ करंजोशीवर थांबली. नदीकाठचं गाव, मोठं, शंभरएक उंबऱ्यांचं.

स्टीलचा डबा बाजेखाली होता. डब्यात दोनशे नाचऱ्या होत्या. आत्ता बाहेर जाऊन त्या परत सोडल्या, वेगळी दिशा दिली, तर माश्या थांबल्या असत्या. तासभर, कदाचित आणखी एक दिवस. इथेच, या दारावर. उज्ज्वला वाकली आणि तिने डब्यावर हात ठेवला.

ईश्वरीला काय कळायचं ते कळलं. तीन दिवस कुजबुजून घोगऱ्या झालेल्या आवाजात ती म्हणाली, "आई, नको." बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं, घामाने चिंब, तोंड उघडं. "आई, मी पाया पडते. जाऊ दे त्यांना."

उज्ज्वलाने बाळाकडे पाहिलं. मग तिने डब्यावरचा हात काढून घेतला.

त्याच घटकेला बाहेर तो आवाज उठला. खिडक्या थरथरल्या, कौलांवरची धूळ खाली आली, आणि खोलीत हळूहळू उजेड आला. भागाकाकूंनी फटीतून पाहिलं आणि त्या मटकन खाली बसल्या. "गेल्या गं बया," त्या म्हणाल्या. "गेल्या."

ईश्वरी ओक्साबोक्शी रडायला लागली. आता रडायला हरकत नव्हती.

"काकू," उज्ज्वलाने विचारलं, "करंजोशीत तुमचं कोण आहे?"

"भाची दिलीया की तितं. सुरंगा. का गं?"

"नंबर द्या."

काकूंनी चोळीतून फोन काढून दिला. उज्ज्वला दार उघडून अंगणात आली. तीन दिवसांनी ती उंबऱ्यातून बाहेर पडत होती. अंगणभर मेलेल्या माश्या पडल्या होत्या, पायाखाली त्यांचा चुरा होत होता. फणसापलीकडे आभाळात एक काळपट ढग चालला होता, करंजोशीच्या दिशेला. मोहोळाला तिथे पोचायला पाव तास पुरतो.

फोन वाजत राहिला. मग एका बाईने उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता, पोरं खेळत होती, कुणीतरी हसत होतं.

"सुरंगाताई का? मी फणसदऱ्याची उज्ज्वला ढेबे, भागाकाकूंच्या शेजारची," ती म्हणाली. "शेगड्या, चुली, सगळं राखेनं विझवा, पाणी ओतू नका. पोरांना आत घ्या आणि दारं लावा. सगळ्या गावाला सांगा, लगेच."

"अगं बाई, काय झालं?"

उज्ज्वलाने डोळे मिटून घेतले. आत ईश्वरी बाळाशी बोलत होती, कुठलंतरी गाणं पुटपुटत होती.

"आधी मला एक सांगा, ताई," ती म्हणाली. "तुमच्या गावात कुणी बाळंतीण आहे का?"

"आहे की," पलीकडची बाई म्हणाली, "आमच्याच घरात आहे. कालच झाली. का हो?"